अमान्सियो डिसिल्वा यांना अधिवास दाखला कोण देणार?

मराठी समीक्षेला एक जुनी सवय आहे. कलावंत समोर आला की त्याची कला पाहण्याआधी ती त्याच्याकडे अधिवास दाखला मागते. गाव कोणते, बोली कोणती, घराणे कोणते, परंपरा कोणती? हे प्रश्न मुळात वाईट नाहीत. त्यांच्या उत्तरांनी कलाकृती उलगडायला मदतच होते. परंतु दाखला अपुरा निघाला म्हणून कलाकृतीकडे पाहायचेच नाही, असा त्यांचा वापर होऊ लागला की समीक्षेचे तहसील कार्यालय होते. या कार्यालयाच्या दारापर्यंतही जे पोचले नाहीत, त्यांच्यापैकी एकाविषयी आम्हाला येथे लिहायचे आहे. अमान्सियो डिसिल्वा हे त्यांचे नाव. जन्म मुंबईचा, १९३६ मधला, कुटुंब गोव्याचे, वाद्य इलेक्ट्रिक गिटार, संगीत जॅझ, मृत्यू १९९६ मध्ये, इंग्लंडात.

हे टिपण आम्ही नागपूरच्या दक्षिणेकडून, मिहानच्या परिसरातून लिहीत आहोत. जॅझचा आणि मिहानचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो शेवटाकडे मांडू. आधी मूळ विषय.

वाचकांपैकी अनेकांनी हे नाव ऐकले नसेल. त्यात त्यांचा दोष नाही. मराठीत संगीतावर विपुल आणि उत्तम लिहिले गेले आहे. वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी', केशवराव भोळे यांचे आस्वादक लेखन, बा. र. देवधर यांचे 'थोर संगीतकार', अशोक दा. रानडे यांचे सैद्धान्तिक ग्रंथ ही आपली कमाई आहे. तिचा आम्हाला अभिमान आहे, आणि म्हणूनच तिच्यातली पोकळी टोचते. मुंबईच्या हॉटेलांत, नृत्यगृहांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आयुष्य घालवलेले गोव्याचे शेकडो वादक आपल्याला आठवतात ते हिंदी गाण्यांच्या निमित्ताने, आणि तेही दयाबुद्धीने: 'बिचारे पडद्यामागे राहिले!' त्यांना पडद्यामागे कोणी ठेवले, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला विचारत नाही. 'अलबेला' (१९५१) मधील सी. रामचंद्रांच्या चाली मराठी माणसाला तोंडपाठ असतात. त्या चित्रपटात ज्यांचा वृंद प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो त्या चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, यांच्या ट्रम्पेटबद्दल दोन वाक्ये बोलता येतील असे किती जण सापडतील? या वादकांवरचे दोन महत्त्वाचे ग्रंथ, ग्रेगरी बूथ यांचे 'बिहाइंड द कर्टन' (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांचे 'ताज महाल फॉक्सट्रॉट' (२०१२), इंग्रजीत लिहिले गेले. त्या तोडीचा मराठी ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही.

डिसिल्वा यांची कारकीर्द थोडक्यात सांगता येते. तरुणपणी त्यांनी हॉटेलांच्या वाद्यवृंदांतून गिटार वाजवली. त्या काळी जॅझ वाजवणाऱ्याचे पोट नृत्यसंगीतावर चालत असे. संध्याकाळी फॉक्सट्रॉट आणि वॉल्ट्झ, आणि गर्दी पांगल्यावर उरलेल्या रात्रीत आपले संगीत. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी त्यांना गिब्सन गिटार घेऊन दिली. १९६७ मध्ये ते सहकुटुंब लंडनला गेले. तेथे डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने आपल्या लॅन्सडाउन मालिकेत त्यांना ध्वनिमुद्रणाची संधी दिली आणि १९६९ या एकाच वर्षी दोन तबकड्या झाल्या. 'इंटिग्रेशन'मध्ये डॉन रेंडेल आणि इयन कार हे इंग्लंडचे अग्रगण्य जॅझवादक त्यांच्या साथीला होते. 'हम दोनो'मध्ये जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट त्यांचे बरोबरीचे भागीदार होते. पुढे १९७१ मध्ये 'रिफ्लेक्शन्स' आणि १९७२ मध्ये 'कॉस्मिक आय' या नावाच्या चमूसह 'ड्रीम सीक्वेन्स' निघाली. मृत्यूनंतर त्यांचे एक जुने ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले, त्याचे नाव 'कोंकण डान्स'. मराठी वाचकाने या नावापाशी क्षणभर थांबावे, एवढीच विनंती.

आता संगीताकडे वळू. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसती मोठ्या आवाजाची गिटार नव्हे. तारेचे कंपन चुंबकाच्या क्षेत्रात होते, त्यातून विजेचा क्षीण प्रवाह उमटतो, आणि तो वाढवून ऐकवला जातो. या साध्या योजनेमुळे वृंदात ताल धरून बसलेले वाद्य पुढे आले. १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या वृंदात चार्ली ख्रिश्चन दाखल झाले आणि गिटार सॅक्सोफोनशी समोरासमोर बोलू लागली. डिसिल्वा यांना हा वारसा तयार मिळाला होता. त्यांच्यासमोरची अडचण वेगळी होती. राग एका षड्जावर उभा असतो. जॅझमध्ये स्वरमेळ, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ, सतत बदलतात, आणि गुच्छ बदलला की पायाखालची जमीन सरकते. एकाच स्वरावलीत रमणाऱ्या कलावंताला तेथे उभे राहायला जागा उरत नाही. माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) नंतर मात्र एकाच स्वरावलीवर दीर्घकाळ थांबण्याची रीत जॅझमध्ये रुजली, आणि रागाचा कान असलेल्या माणसाला आत शिरायला दार उघडले.

त्या दारातून आधी एक मोठा प्रयोग शिरला होता. कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर आणि हेच जो हॅरियट यांनी १९६६ पासून 'इंडो-जॅझ' तबकड्या काढल्या. त्यांत एकीकडे सतार, तबला, तंबोरा. दुसरीकडे सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम. दोन पंचके शेजारी बसवलेली. प्रयोग महत्त्वाचा होता, पण त्यात सीमारेषा डोळ्यांना दिसत होती: हे भारतीय, हे जॅझ. 'हम दोनो'मध्ये सतार नाही, तबला नाही, तंबोराही नाही. डेव्ह ग्रीन यांचा बास, ब्रायन स्प्रिंग यांचे ड्रम, इयन कार यांचा ट्रम्पेट, नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांवाचून गाणारा आवाज, हॅरियटचा आल्टो सॅक्सोफोन आणि गिटार. बेत सगळा जॅझचा. तरीही तेथली चाल एखाद्या स्वराकडे तडक जात नाही, त्याच्या आजूबाजूने फिरून येते. तार आडवी खेचून एक स्वर दुसऱ्यात विरघळवला जातो. विन्स्टन यांचा शब्दहीन आवाज गिटारीला आलापासारखा बिलगतो. भारतीयपणाचा झगा येथे कोणी घातलेला नाही. तो चालण्यात आहे. एका रचनेचे नाव 'बॅलड फॉर गोवा' आहे. गोव्यासाठी लिहिलेल्या या रचनेत मांडोही नाही आणि धालोही नाही. एका माणसाने जो गोवा कानात साठवून नेला, तो आहे. 'इंटिग्रेशन'मध्ये 'गँजेस', 'जयपूर' आणि 'महाराणी' आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीत 'जॉइस कंट्री' आहे: आयर्लंडमधल्या एका प्रदेशाचे नाव, जे त्यांच्या आयरिश पत्नीचेही नाव. एका तबकडीवर इतके पत्ते. आमच्या तहसील कार्यालयाची पंचाईत होणारच.

येथे आक्षेप सुरू होतात. पहिला आक्षेप असा की हे सगळे 'फ्यूजन' आहे. आणि मराठी रसिकाच्या तोंडी फ्यूजन हा शब्द वर्णन म्हणून येत नाही, निकाल म्हणून येतो. भेसळ, तडजोड, तरुणांना खूश करण्याची युक्ती, असे सगळे त्यात आले. यावर दूर जायची गरज नाही. संगीताची आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम अशी वर्गवारी अशोक रानडे यांनीच मांडली. दोन संगीतपद्धती भेटल्यावर जे निपजते त्याला स्वतंत्र कोटी मानावे, त्याला स्वतःच्या कसोट्या असाव्यात, हा विचार मराठीभाषक संगीतशास्त्रज्ञाने आपल्याला देऊन ठेवला आहे. आपण कोटी पाठ केली आणि उदाहरणे पाहायची सोडून दिली. डिसिल्वा हे त्या कोटीचे मराठी मुलखात जन्मलेले उत्तम उदाहरण असताना आपल्या संगीतचर्चेत त्यांचे नाव निघत नाही, याला काय म्हणावे?

दुसरा आक्षेप वाद्याचा. गिटार परकी. ठीक आहे, मग पेटीचे काय करायचे? हार्मोनियम युरोपातून आली. १९४० मध्ये आकाशवाणीने ती अभारतीय ठरवून हद्दपार केली, आणि ही बंदी तीस वर्षे टिकली. त्याच पेटीवर गोविंदराव टेंबे यांनी कीर्ती मिळवली, आणि ऑर्गनच्या सुरांवाचून संगीत नाटकाचा पडदा वर गेला नाही. खुद्द गिटारीचेही तसेच. ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाइयन गिटारीवर राग वाजवला. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त त्यांची गिटार शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीने घरोघरी पोचली आणि ती कोणाला खटकली नाही. म्हणजे आक्षेप वाद्यावर नव्हताच. वाद्याने आपल्या घरी येऊन आपली भाषा बोलावी, एवढीच अट होती. त्याने स्वतःची भाषा आपल्या उच्चारात बोलायला सुरुवात केली की आपले कान बंद होतात.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो आमच्या वाचकांच्या वर्गात रोज उच्चारला जातो. तो देशीवादाचा. भालचंद्र नेमाडे यांनी 'टीकास्वयंवर'मधून (१९९०) जो विचार मांडला त्याचे ऋण आम्ही मानतो. परप्रकाशी, नकली आधुनिकतेवर त्यांनी ओढलेले कोरडे आवश्यक होते. हॉटेलांतल्या जॅझला तो कोरडा लागतो का? काही प्रमाणात लागतो. ते नृत्यगृह साहेबांसाठी आणि संस्थानिकांसाठी होते. सामान्य मुंबईकर त्याच्या दारात उभाही राहू शकत नव्हता. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आत वाजवणारा कोण होता? तो गोव्यातल्या खेड्यातून आलेला होता. तेथल्या चर्चच्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जात होते. त्या घरांसाठी युरोपीय स्वरलिपी ही कालची आयात नव्हती. वारकऱ्याच्या घरी टाळ असावा तशी ती घरात होती. पिढ्यांचा सहवास हीच जर देशीपणाची कसोटी असेल, तर या माणसांची स्वरलिपी देशीच ठरते. बाहेरून आलेल्या गोष्टीचे देशीकरण होते, हे देशीवादाच्या मांडणीतच आहे. अनुयायांनी मात्र देशीकरण ही प्रक्रिया वगळून देशी हे प्रमाणपत्र तेवढे ठेवले.

या बाबतीत अमेरिकेतील एक कारकीर्द शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. तेथल्या 'कंट्री' संगीताच्या नावातच गाव आहे, मुलूख आहे. ते त्यांचे देशी संगीत. हँक गारलँड हे त्यातले नाणावलेले गिटारवादक. जन्म १९३०, दक्षिण कॅरोलिनातले काउपेन्स गाव. पोरवयातच नॅशव्हिलला आले, 'शुगरफूट रॅग'ने नाव कमावले, एल्विस प्रेस्लीपासून अनेकांच्या ध्वनिमुद्रणांत गिटार वाजवली. दिवसा मजुरी कंट्रीची, रात्री ओढ जॅझची. १९६० मध्ये त्यांनी 'जॅझ विंड्स फ्रॉम अ न्यू डायरेक्शन' ध्वनिमुद्रित केली. ड्रमवर डेव्ह ब्रुबेक यांच्या चौकडीतले जो मोरेलो आणि व्हायब्राफोनवर सतरा वर्षांचा गॅरी बर्टन. १९६१ मध्ये मोटारीच्या अपघाताने ही कारकीर्द तोडली; २००४ मध्ये ते वारले. आज कंट्रीचा इतिहास गारलँड यांना आपले म्हणतो आणि जॅझचा इतिहासही त्या एका तबकडीसाठी त्यांना आठवतो. दुसरीकडे वाजवले म्हणून पहिल्याने त्यांचे नाव खोडले नाही.

आणि ज्या कंट्रीला मातीचे संगीत म्हणतात ती माती तरी कुठली? तिचे बँजो आफ्रिकेतून पळवून आणलेल्या गुलामांच्या स्मृतीतले. तिची स्टील गिटार हवाई बेटांवरची. तिचे योडेल आल्प्स पर्वतातले. तीच हवाइयन गिटार हिंदुस्थानात आली, व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांच्या हातून रेडिओवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवू लागली, आणि तीच काब्रांच्या मांडीवर राग वाजवू लागली. नॅशव्हिलचा गवई स्वर खेचतो आणि काब्रा मींड घेतात ते एकाच बेटावरून निघालेल्या युक्तीने. मूळ शोधत गेले की माती नव्हे, बंदर सापडते.

कोणी म्हणेल, डिसिल्वा मराठी नव्हते, कोकणी-इंग्रजी जगातले होते. त्यांची उपेक्षा मराठीच्या माथी का? हा युक्तिवाद केशव साठे या नावापाशी कोलमडतो. साठे मराठी तबलजी. मेयर-हॅरियट यांच्या त्या इंडो-जॅझ वृंदात तबल्यावर तेच होते. १९६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या पियानोवादक इरेन श्वाइत्झर यांच्यासह झालेल्या 'जॅझ मीट्स इंडिया' या तबकडीवरही तेच आहेत. युरोपीय जॅझच्या इतिहासात त्यांचे नाव आहे. मराठी संगीतचर्चेत किती वेळा निघते? म्हणजे आडनाव मराठी असूनही भागत नाही. माणूस आपल्या कप्प्याबाहेर गेला की आपण त्याच्या मागून दार लावून घेतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचे वाटावे. अरुण कोलटकर पखवाज शिकले आणि इंग्रजीत गाणीही लिहून बसले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. आपण त्यांची मराठी कविता एका तासाला आणि इंग्रजी कविता दुसऱ्या विभागात शिकवतो, आणि मधल्या गाण्यांचे काय करायचे ते कोणालाच कळत नाही.

आता मिहान. मिहान हा शब्दच पाहा: एका लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून झालेला, आणि आज इथल्या ऑटोवाल्याच्या तोंडी अस्सल मराठी गावासारखा रुळलेला. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव येथली शेते या प्रकल्पात गेली. जेथे कापूस आणि तूर होती तेथे माहिती-तंत्रज्ञानाची कार्यालये आहेत, एम्स आहे, आयआयएम आहे, विमानदुरुस्तीचे हँगर आहेत. मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे दुःख खरे आहे आणि त्यावर लिहिलेच पाहिजे. पण ज्यांच्या घरचे वावर गेले त्या घरांतली पुढची पिढी आज महाविद्यालयात आहे. तिच्यातल्या कोणाचा कल उद्या कादंबरीकडे वळेल, कोणाचा गिटारीकडे. त्यांना आपण कोणत्या कसोटीला लावणार? मातीच्या? ती तर कुंपणाआड गेली. बोलीच्या? त्यांची बोली वऱ्हाडी, हिंदी आणि कॉल सेंटरच्या इंग्रजीतून आत्ता घडते आहे. या मुलांनी लिहिलेले आणि वाजवलेले 'आपले' म्हणण्याची तयारी आपण आज केली नाही, तर त्यांच्या वाट्याला डिसिल्वांची गत येईल: दुसऱ्या कोणाच्या तरी भाषेतल्या ग्रंथात एक प्रकरण, आणि इथे शुकशुकाट.

नागपूरला हे अवघड जाऊ नये. मूर्तिजापूरला जन्मलेले आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले वसंतराव देशपांडे कोणत्याच एका घराण्यात मावले नाहीत. पुढे लाहोर-मुंबईपर्यंत अनेक गुरूंकडून त्यांनी घेतले. घरंदाजपणाचे पंच त्यांच्याकडे बराच काळ संशयाने पाहत होते. आज शहरातले मोठे सभागृह त्यांच्या नावाचे आहे. माणिक गोडघाटे यांनी इन्ग्रिड बर्गमनच्या एका चित्रपटावरून 'ग्रेस' हा इंग्रजी शब्द नाव म्हणून घेतला आणि मराठी कवितेत तो कायमचा आणून ठेवला. त्या नावाखालची कविता मराठी आहे की नाही, असा प्रश्न आज कोणी विचारत नाही. म्हणजे मन मोठे करता येते. फक्त कलावंत आपल्या भाषेत आणि आपल्या पेठेत असावा लागतो. ही अट काढून टाकायची वेळ आली आहे.

आमची मागणी मोठी नाही. देशीवाद शिकवताना एका तासाला 'बॅलड फॉर गोवा' वर्गात वाजवावी आणि मग विचारावे: हे कोणाचे? विद्यार्थ्यांची उत्तरे आपल्या टिपणांपेक्षा उपयोगी ठरतील. गोव्यात आणि मुंबईत जे वृद्ध वादक आज हयात आहेत त्यांच्याशी कोणी मराठीत बसून बोलावे, त्यांच्या आठवणी मराठीत छापाव्यात. संगीतावर लिहिणाऱ्यांनी 'संगम' या कोटीखाली एक तरी कारकीर्द साद्यंत अभ्यासावी. आणि वाङ्मयकोश, संगीतकोश यांच्या पुढच्या आवृत्त्या निघतील तेव्हा संपादकांनी नोंद करताना जन्मगावाच्या रकान्यात 'मुंबई' लिहावे, वाद्याच्या रकान्यात 'इलेक्ट्रिक गिटार' लिहावे, आणि पुढचे रकाने ऐकल्यावर भरावेत.